सोऱ्यातली माती

थेंब पडला आणि काहीच झालं नाही. शुक्रवारची सकाळ, सव्वाअकरा. काचेच्या नळीतून मी तो सोडला तो नेहमीच्याच उंचीवरून, नेहमीच्याच बेताने, आणि तो त्या काळ्या कांडीवर जाऊन बसला. सासुरवाडीला पहिल्यांदा आलेल्या जावयासारखा, अंग चोरून, पाठ न टेकता. एरवी थेंब लागायचा अवकाश, चर्र आवाज व्हायचा, कापसाच्या बोंडाएवढी वाफ उठायची आणि तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी असलेली ती कांडी बशीत टुणकन उडायची. आज कांडी निवांत पडून होती आणि थेंबात वरच्या ट्यूबलाइटची एक बारीक पांढरी रेघ दिसत होती. मी दुसरी कांडी घेतली, तिसरी घेतली. काचेपलीकडून दिपाली म्हणाली, "चाचा, बाटली बदलून बघा, जुनी झाली असेल." मी बाटली बदलली नाही. डबीतली आठव्या खेपेची एक कांडी काढून बशीत ठेवली आणि त्याच बाटलीतला थेंब तिच्यावर सोडला. ती अशी चरचरली की मीच दचकलो. म्हणजे बाटली शहाणी होती, मुकी होती ती नववी खेप. चेहऱ्यावरचा पारदर्शक पडदा वर करून मी घाम पुसला आणि घड्याळात पाहिलं. वाईट बातमीची वेळ नोंदवायची सवय एकतीस वर्षांची, ती अशी सुटत नाही.

आमचा कारखाना म्हणजे नगरच्या एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड, आणि तिच्यात आदिनाथ, दिपाली, मी आणि झाडायला मनकर्णाबाई, एवढा कारभार. आदिनाथ सोनईचा. बंगळुरूला मोठ्या जागी उपग्रहांची इंजिनं करायचा. ते सोडून आला तो आईला सांगून, की आता परत जाणार नाही. उपग्रह वर गेला की त्याला इकडेतिकडे सरकवायला बोटाएवढी इंजिनं लागतात. त्यांत भरतात ते इंधन इतकं विषारी की भरणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत रबरात शिवून घ्यावा लागतो. आदिनाथच्या इंजिनात भरायचं होतं पेरॉक्साइड. जखमा धुवायला मिळतं तेच, पण कितीतरी पटींनी कडक. त्याचं शेवटी होतं काय, तर गरम वाफ आणि प्राणवायू. कुणाचं वाईट नाही. मात्र ते आपणहून फुटत नाही, त्याला कुणीतरी फोडावं लागतं. चांदीची जाळी फोडते, पण ती चांदी. आदिनाथ म्हणायचा, मँगनीजची काळी पूड आणि चिनी माती यांच्या कांड्यांकडून मी चांदीचं काम करून घेईन, आणि सहाव्या, सातव्या, आठव्या खेपेने ते करून दाखवलं होतं. त्यांचे आकडे पुण्याच्या उपग्रहवाल्यांकडे गेले होते. आकडे बघून पुण्याचे पाहुणे बुधवारी इंजिन पाहायला यायचे होते, आणि जुन्या तिन्ही खेपांच्या कांड्या चाचण्यांत संपून डबीत आता दहा उरल्या होत्या. बुधवारी इंजिन बोललं तर शेड राहणार. नाही बोललं तर आदिनाथला सोनईला जाऊन आईसमोर उभं राहावं लागणार, आणि मला घरी बसून बायकोची, मेहताबची, पोळी किती जाड झाली ते मोजत बसावं लागणार.

मी एका मोटारकारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होतो. माझ्यासमोर सुटा भाग यायचा, मी मापायचो आणि तीनपैकी एका पेटीत टाकायचो: पास, दुरुस्ती, नापास. निवृत्त झाल्यावर भाग यायचे थांबले, पेट्या राहिल्या. आता त्यांत माणसं पडतात. आदिनाथ पास, पण कडेला थोडी धार आहे, हात कापेल. दिपाली पास, तिच्या मापात चूक नसते, फक्त मापायचं काय हे तिला दुसऱ्याने सांगावं लागतं. मेहताब म्हणते, तुमच्या दुरुस्तीच्या पेटीत अख्खं नगर भरलंय आणि दुरुस्त एकालाही केलं नाहीत. आमच्या घरात बोली दखनी, पण भांडण मराठीत, कारण मराठीत तिला शब्द जास्त येतात. मी स्वतः कुठल्या पेटीत, हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. तपासणाऱ्याला कोण तपासतो? प्रत्येक खेपेच्या तपासणीपत्रावर खाली माझी सही असते. घटक कागदाप्रमाणे, वजन कागदाप्रमाणे, साधन अमुक नंबरचं, सही मोहियोद्दीन. त्या उर्दू सहीतलं, शेवटच्या नून अक्षराचं टिंब मी इतक्या वर्षांत एकदाही विसरलो नाही.

त्या दुपारी मी टेबलाशी बसून मुक्या थेंबाकडे पाहत राहिलो. तो आटतही नव्हता. शेडवर ऊन वाजत होतं, पत्रा मधूनच टक्‌ करायचा, आणि मला माझा गुडघा आठवत होता. सात-आठ वर्षांचा असेन. झेंडीगेटच्या घराच्या गच्चीवरून खाली येताना जिन्यात पडलो, गुडघा सोलवटला. अम्मीने तपकिरी बाटली आणली, बूच काढलं आणि पाण्यासारखं काहीतरी गुडघ्यावर ओतलं. पाणी कसलं, जखमेतून पांढरा फेस चढायला लागला, भरभर, जणू गुडघ्याच्या आत कुणी ताक घुसळतंय. मी किंचाळलो. अम्मीने माझा पाय मांडीत धरून ठेवला आणि म्हणाली, "बोलू दे त्याला. गप्प बसली ती जखम वाईट." मग फेस हळूहळू बसला आणि खाली लालसर, धुतलेलं, नवं काहीतरी दिसलं. गच्चीवर त्या दिवशी पापड वाळत होते. अम्मीच्या हातांना पिठाचा वास होता आणि त्या वासाच्या आड आणखी काहीतरी होतं, नाकापेक्षा जिभेला जास्त कळणारं. ते काय, हे मला त्या शुक्रवारी आठवेना. आठवेना म्हणून मी ते सोडून दिलं. आमच्या कारखान्यात सोडून दिलेल्या गोष्टीवर पिवळी चिठ्ठी लावायचे. मनात चिठ्ठ्या लावत नाहीत, म्हणून मग घोटाळे होतात.

नववी खेप आणि आठवी खेप, फरक काय? पूड तीच, माती त्याच पोत्यातली, पाणी तेच, भट्टी तीच. मळणारे हातही तेच, मनकर्णाबाईचे. पहिल्या पाच खेपा दिपालीने मळल्या होत्या. कांड्या पाडायचं यंत्र आमच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून आदिनाथने आईचा पितळी सोऱ्या आणला होता. शेवेची चकती लावायची, काळी माती भरायची, दांडा फिरवायचा. दिपालीची शेव तुटायची, भट्टीतून चिरलेली निघायची, आणि थेंबाला नुसती कुरकुर करायची. एक दिवस कोपऱ्यात झाडू टेकवून मनकर्णाबाई म्हणाली, "असं मळत्यात व्हय? सरका." साठीची बाई, जामखेडकडची, खर्ड्याची. अर्धं आयुष्य दर दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली, मग गुडघे गेले तशी नगरला राहिली. उन्हाळ्यात लोकांच्या घरी कुरडया, पापड, शेवया करून द्यायची. तिने मळलेली माती सोऱ्यातून अशी उतरली की आम्ही तिघंही हात बांधून बघत राहिलो. लांब, काळी, अखंड. ती सहावी खेप. बोललेली पहिली खेप. आदिनाथने पेढे आणले. मनकर्णाबाईने एक खाल्ला, एक पदराला बांधला. त्या दिवसापासून ती मला मोहिद्दीनभाई म्हणायला लागली.

आणि मग आठव्या-नवव्या खेपांच्या मधला तो सोमवार. मी शेडमध्ये शिरलो तर बाई परातीपुढे बसलेली, काळ्या मातीत बुडवलेलं बोट जिभेला लावत होती. शेजारी कागदाची पुरचुंडी उघडी पडलेली, आत पांढुरकं, भुकटीसारखं काही. मला वाटलं, दाताला लावायची तंबाखूची मिश्री; ती काळी असते हे डोक्यातही आलं नाही. एकतीस वर्षं एकदम माझ्या घशात आली. "मनकर्णाबाई, हे सैपाकघर नाही. इथं तोंडाला काही लावायचं नाही. घरचं काही आणायचं नाही. ती पुरचुंडी उचला आधी." बाईने माझ्याकडे पाहिलं. पुरचुंडी दुमडली, कंबरेला खोचली, पदराने बोट पुसलं. "बरं साहेब," म्हणाली. मी त्या दिवशीच्या पत्रावर लिहिलं: शिस्तीबाबत समज दिली. लिहून समाधानही वाटलं. 'भाई'चा 'साहेब' झाला हे माझ्या लक्षात आलं होतं, पण ते मी बढती समजलो. तिने नववी खेप मळून दिली आणि भाचीच्या लग्नाचं रुखवत करायचं म्हणून खर्ड्याला निघून गेली. फोन लागत नव्हता.

हे सगळं शुक्रवारी दुपारी माझ्यासमोर होतं आणि तरी मला दिसलं नाही. दिसलं ते घरी, चहाच्या वेळी, तेही अर्धंच. मेहताब म्हणाली, "तोंड का असं? कुणी नापास केलं की काय तुम्हाला?" मी थेंबाचं सांगितलं, बाईचं सांगितलं, समज दिल्याचंही सांगितलं. मेहताबने बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "चाखत होती ना? मग विचारलंत का, काय चाखतेस?" मी म्हणालो, "मातीत चाखण्यासारखं काय असतं?" ती म्हणाली, "तेच. तुम्ही विचारत नाही, तुम्ही मापता." आणि बशी तोंडाला लावली. त्या घोटाच्या आवाजात मला उद्याची एसटी ऐकू आली.

शनिवारी सकाळी जामखेडच्या गाडीत खिडकीशी बसलो. वैशाखाचं ऊन रस्त्यावर इतकं पांढरं सांडलं होतं की डांबराच्या कडा दिसत नव्हत्या. आष्टीपर्यंत मी जागा होतो. पुढे जागा होतो की नाही, सांगता येत नाही. डोंगर जवळ यायचे, उन्हात विरघळायचे, पुन्हा लांब दिसायचे. खिडकीची काच थरथरत होती आणि तिच्यावर कुणाच्या तरी तेलकट डोक्याचा गोल डाग होता. त्या डागातून पाहिलं की सगळा मुलूख एका थेंबात शिरल्यासारखा दिसायचा: बाभळी, विहिरीचा कठडा, उभ्या उभ्या झोपलेली म्हैस. मला वाटलं, हा थेंब एवढा मोठा, आणि याला कुणी हात लावत नाही म्हणून तो गप्प आहे. कुणी योग्य माणसाने नुसतं बोट लावलं तर हे सगळं चर्र करून उठेल, पांढरं होईल आणि खाली धुतलेलं काहीतरी दिसेल. मग वाटलं की मी गच्चीवर आहे, अम्मी परातीपुढे बसलीय, उडदाच्या पिठाचा गोळा मुसळाने कुटतेय, मधूनच नखाएवढा तुकडा तोडून जिभेवर ठेवतेय, डोळे मिटतेय. डोळे मिटून ती काय ऐकायची? मी विचारणार, एवढ्यात वाहकाने माझ्या खांद्याला हात लावला. "चाचा, जामखेड. पुढं खर्ड्याची दुसरी धरा." माझ्या तोंडाला कसलीशी चव आली होती आणि ती गाडीतून उतरेपर्यंत गेली.

खर्ड्यात किल्ल्याच्या तटाची सावली संपते तिथून चौथं घर मनकर्णाबाईच्या भावाचं. पत्र्यावर, अंगणात, खाटेवर, जिथे बघावं तिथे पांढऱ्या साड्या अंथरलेल्या आणि त्यांच्यावर कुरडया. बाई मांडवाखाली सोऱ्या धरून बसली होती. मला पाहून तिने हात थांबवला नाही.

"या साहेब. लई लांबून आला. भागूबाई, पानी दे गं, कारखान्याचं साहेब आल्यात."

भावजय भागूबाई तांब्या ठेवून गेली आणि दाराआड उभी राहिली. साहेब काय म्हणतो ते तिलाही ऐकायचं होतं. मी पाणी प्यायलो. एकतीस वर्षांत मी हजार चौकशा केल्या असतील, पण त्या सगळ्या टेबलाच्या या बाजूने. इथे टेबल नव्हतं.

"बुधवारी पाहुणे येणार आहेत," मी म्हणालो.

"येऊ द्या की."

"नववी खेप बोलत नाही, मनकर्णाबाई. थेंब टाकला तर गप्प बसतीय."

"बसंल. मी बी गप्पच हाय की." तिने चकतीवरून कुरडई तोडली. दाराआड भागूबाई खुदकन हसली.

"मळताना काही वेगळं केलंत का?"

"येगळं? न्हाई बा. कागदात हाय तेवडंच. तुमी म्हनलं ना, घरचं काय आनायचं न्हाई. न्हाई आनलं."

मांडवाच्या गोणपाटातून उन्हाचे ठिपके तिच्या हातांवर पडत होते आणि हात फिरत होते तसे ठिपके फिरत होते. मी ते पाहत राहिलो. मग विचारलं, "आधी काय आणत होतात?"

"खार."

"कसला खार?"

"पापडखार, दुसरा कंचा?" आता तिने हात थांबवला. "सोऱ्यातनं काढायचं आन् भट्टीत भाजायचं, म्हनल्यावर खार नको? खाराबिगर फुलंल कशी? दिपालीताईच्या कांड्या बगितल्या ना म्या पयल्या दिशी, भुई फाटल्यावानी चिरलेल्या. मनात म्हनलं, शिकलेल्या पोरी हायत, खाराचं राहून गेलं आसंल. चारचौगात सांगून कशाला लाजवायचं? आपला आपन टाकला."

म्हणजे सहाव्या, सातव्या, आठव्या खेपेत कागदावर नसलेलं काहीतरी होतं, आणि कागदावर मी लिहिलं होतं: घटक कागदाप्रमाणे. तीनदा. नूनच्या टिंबासकट. पुण्याला गेलेला प्रत्येक आकडा खरा होता आणि त्याच्याखालची माझी प्रत्येक सही खोटी. बाईने लपवलं ते दिपालीची लाज राखायला. मी पाहिलं नाही ते कशासाठी? पांढरी पुरचुंडी डोळ्यांसमोर उघडी असताना मी तिला आधी नाव दिलं आणि मग पाहिलं.

"मला वाटलं, मिश्री," मी म्हणालो.

"मिश्री!" बाई आणि दाराआडची भागूबाई दोघी एकदम. "माजी सासू लावायची मिश्री. तिच्या तोंडाचा वास आख्खी हयात सोसला, आन् मी लावू? ऐकलं का गं भागूबाई, साहेबांनी मला मिश्री लावली." त्या दोघी हसल्या तशा कुरडया हलल्यासारख्या वाटल्या मला. मीही हसलो, पण जरा उशिरा, सभेत भाषण न कळलेला माणूस टाळ्या वाजवतो तसा.

"किती टाकायचात?"

"लागंल तेवडा."

"म्हणजे किती?"

"चाखायचं. जिबंच्या कडंला चुनचुनलं का बास. म्हनून तर चाखत हुते. तुमाला वाटलं भूक लागली आसंल मला."

मी मान खाली घातली. तिने पदराने घाम पुसला, पापणीवरचा चिकाचा ठिपका काढला. "लगीन मंगळवारी हाय. उद्या सकाळच्या गाडीनं येते, मळून देते, माघारी येते. इंजान बोलतंय का बगायला बुधवारी फिरून येईन. पर एक हाय. मी चाखनार. वराडायचं न्हाई."

रविवारी दिपालीने सोनं तोलावं तसा नाजूक काटा परातीशेजारी मांडला. ती म्हणाली, "मावशी, चिमूट आधी इथं टाका, मग मातीत." पहिल्या गोळ्याला चार ग्रॅम खार लागला. दुसऱ्याला सात. तिसऱ्याला तीनच. दिपालीचा चेहरा उतरत गेला. "माती सारकी न्हाई पानी पीत," बाई म्हणाली, "एका आईची लेकरं सारकी जेवत्यात का?" दिपालीने रंग बदलणारी कागदी पट्टी मातीत बुडवली, पट्टी काळी झाली, आणि परात, हात, काटा, सगळंच काळं असल्याने तिच्याकडून कुणालाच काही कळलं नाही. बाईने बोट जिभेला लावलं, डोळे मिटले. मी दाराशी उभा होतो, ओरडलो नाही. तिच्या मिटलेल्या पापण्यांकडे पाहताना गच्चीवरचं ऊन माझ्या अंगावर आलं आणि मला वाटलं, आता मी विचारू शकेन, पण अम्मी उठून आत गेली होती.

मंगळवारी दहाव्या खेपेची कांडी भट्टीतून निघाली, निवली. थेंब सोडला. चर्र! दिपालीने टाळी वाजवली. मी तीन जुनी तपासणीपत्रं आणि एक नवं घेऊन आदिनाथपुढे ठेवली. जुन्या तिन्हींवर 'घटक कागदाप्रमाणे' ही ओळ मी खोडली होती, शेजारी सही, तारीख. नव्यावर साधनाच्या रकान्यात लिहिलं होतं: जीभ, मनकर्णाबाई, खर्डा.

आदिनाथने चारही कागद दोनदा वाचले. तो हळू बोलतो तेव्हा त्याच्यात सोनई येते. "चाचा, उद्याचा दिवस जाऊ द्या. उद्या इंजिन चालू द्या, मग गुरुवारी काय खोडायचं ते खोडू. हे वाचून ते म्हणतील, यांना स्वतःलाच माहीत नाही आत काय होतं."

"खरंच माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"ते त्यांना सांगायलाच पाहिजे का?"

पोराचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, आणि एखाद्या तपासनिसाला असं म्हणालोही असेन. पण माझ्या डोळ्यांपुढे गुडघा होता, आणि गप्प बसलेल्या जखमेबद्दलचं अम्मीचं बोलणं. "मी देणार," म्हणालो. तो उठून बाहेर गेला. बुधवारी सकाळी माझ्याशी एक शब्द बोलला नाही, पण कागद मात्र उचलून ठेवले नव्हते. टेबलावर जिथे होते तिथेच होते, त्यांच्यावर फक्त सोऱ्याची पितळी चकती ठेवलेली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.

पुण्याचे पाहुणे म्हणजे राधाकृष्ण वळसंगकर नावाचे एकच गृहस्थ, सत्तरीकडे झुकलेले, बारीक, खिशाला दोन पेनं. माझ्यासारखाच मनात पेट्या बाळगणारा माणूस. मी दारातच ओळखला. इंजिन शेडमागे भिंतीआड चालवलं. आधी काही नाही. मग एक सुस्कारा, आणि मग पांढऱ्या वाफेची सरळ दांडी उन्हात घुसली. तिला वास नव्हता, धूर नव्हता, पुढे पुढे जाऊन ती नुसती हवा होत होती. निंबाची पानं तिच्यामागे पाण्यात पडल्यासारखी हलत होती. मला त्या आवाजात बरंच काही ऐकू आलं: कुटणाऱ्या मुसळाचा ठोका, एसटीची काच, भागूबाईचं हसणं. मनकर्णाबाई सावलीत हनुवटीला हात लावून बसली होती. "बोललं की," ती म्हणाली. मग वाफ थांबली आणि जागा इतकी रिकामी झाली की तिथे काही झालं होतं यावर विश्वास बसेना.

वळसंगकरांनी आत येऊन चकती बाजूला केली आणि कागद वाचले. खोडलेल्या ओळींवर बोट फिरवलं. साधनाच्या रकान्याशी थांबले.

"ही जीभ शेवटची कधी तपासली?" त्यांनी विचारलं. चेष्टा होती की नाही, कळेना.

"तिला तपासायचं साधन आमच्याकडे नाही," मी म्हणालो.

"अन् मागच्या तीन सह्या तुमच्याच?"

"माझ्याच. चुकलेल्या."

आदिनाथ भिंतीकडे बघत होता. वळसंगकरांनी पेन उघडलं, मिटलं. "हे बघा. एका माणसाच्या जिभेवर मी काही वर पाठवू शकत नाही. त्या बाई उद्या आजारी पडल्या, तर? उद्या सकाळी माझ्यासमोर पुन्हा मळा. बाई सोडून दुसऱ्या कुणाला ते कळलं, तर आपण पुढं बोलू. नाही कळलं तर हे कागद मी घेऊन जातो आणि विषय संपला."

गुरुवारी साडेनवाला परात मांडली. काळी माती, पाणी, कागदाची पुरचुंडी, उघडी. बाईने पहिली चिमूट टाकली, मळलं, खूप वेळ मळलं. तळहात परातीवर आपटण्याचा तो आवाज हळूहळू शेडमध्ये एकटाच उरला. मग बोट जिभेला लावलं. डोळे मिटले, उघडले. पुरचुंडीवरून हात फिरवला, मूठ मिटून मांडीवर ठेवली आणि आमच्याकडे पाहत राहिली.

"आता दुसऱ्यानं चाखा," वळसंगकर म्हणाले. दिपालीने चाखलं, तोंड वेडंवाकडं केलं. "माती लागतेय," ती म्हणाली, "नुसती माती," आणि तिचे डोळे भरून आले. आदिनाथने चाखलं. बराच वेळ विचार केला. "बरोबर वाटतंय," म्हणाला, पण ते त्याला वाटत नव्हतं, त्याला ते हवं होतं. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मला कुणी सांगितलंही नसतं.

मी चपला काढल्या, परातीपुढे बसलो. माझे गुडघे वाजले. नखाएवढा तुकडा तोडून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. आधी थंडपणा. मग लोखंडासारखं काही, मग पावसाआधीची भुई. मी थांबलो. एकतीस वर्षं माझ्या हातात साधन असायचं आणि आकडा आपणहून समोर यायचा. इथे यायला काही नव्हतं, मलाच जायचं होतं. मी आत गेलो, जिन्याने वर, गच्चीवर. ऊन होतं. अम्मी परातीपुढे बसलेली, तिचे हात पिठाचे, आणि पिठाच्या वासाआडचं ते दुसरं, जे मला शुक्रवारपासून आठवत नव्हतं, ते जिभेच्या दोन्ही कडांना आलं. बारीक, चुनचुणतं. आलं, आणि पुरतं यायच्या आधीच थांबलं. अम्मीने मान हलवली.

"कमी हाय," मी म्हणालो. डोळे उघडले तेव्हा सगळे माझ्या काळ्या जिभेकडे बघत होते. "थोडा कमी हाय अजून."

मनकर्णाबाईने मांडीवरची मूठ उघडली. तळहातावर खाराची चिमूट होती, केव्हाची काढून ठेवलेली.

"मंग टाका की, भाई," ती म्हणाली आणि तिने हात माझ्यापुढे धरला.